पाचट जाळणं चुकीचं वाटत असूनही फड का पेटतो?

प्रश्न गावपातळीवर काम करणाऱ्या एका तरुण कृषी पदवीधराचा आहे. ऊस तुटल्यावर रानात उरलेला वाळका पाला, म्हणजे पाचट, जाळला की खोडवा (जमिनीत राहिलेल्या बुडख्यांतून येणारं पुढचं पीक) जोमानं फुटतो, ही समजूत खरी नाही असं कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर, हातकणंगले, शिरोळ भागातल्या बऱ्याच शेतकऱ्यांना आता मनातून वाटतं. बैठकीत ते माना डोलावतात, काही जण तर आपणहून म्हणतात की रान कडक झालंय. तरीही ऊसतोड टोळी फडातून (उसाच्या रानातून) बाहेर पडली की दोन दिवसांत धूर दिसतो. खरं नाही असं वाटत असताना माणूस अशी समजूत धरून का ठेवतो, आणि आपण नेमकं काय करायचं?

या समजुतीच्या मुळाशी शेतकऱ्याच्या डोळ्यांना दिसलेलं काहीतरी खरं आहे, तिथून सुरुवात करू. पाला जाळलेल्या रानात बुडख्यावर उजेड पडतो, थंडीच्या दिवसांत उघडी काळी जमीन लवकर तापते, आणि जमिनीच्या वर राहिलेल्या कांडीचे डोळे होरपळल्यामुळे कोंब खालून, जवळपास एकाच वेळी येतात. राखेतलं पालाशही (पोटॅश) लगेच मिळतं. तिसऱ्या आठवड्यात बांधावर उभं राहून पाहिलं तर जाळलेलं रान खरोखरच हिरवं आणि एकसारखं दिसतं. शेजारच्या फडात पाला तसाच पडलेला असतो, बुडखे छाटलेले नसतात, वरच्या डोळ्यांतून आलेले कोंब पिवळट आणि विरळ असतात, मध्ये मध्ये तुटाळ, म्हणजे न फुटलेली मोकळी जागा, दिसते. तुलना अशी होते: एका बाजूला पूर्ण केलेलं जाळणं, दुसऱ्या बाजूला अर्धवट सोडलेलं पाचट व्यवस्थापन. त्यात जाळणारा जिंकणारच. त्याचा अंदाज पहिल्या महिन्यापुरता बरोबर असतो आणि बाराव्या महिन्याला चुकतो. ‘तुमचं चुकतंय’ एवढंच ऐकवलं तर त्याला तिसऱ्या आठवड्यातला तो हिरवा पट्टा आठवतो आणि तो मनात म्हणतो, या माणसानं रान बघितलेलं नाही.

मग शंका येते कुठून? तीही रानातूनच येते. पूर्वी पाच-सहा गाड्या शेणखत टाकून जे रान भुसभुशीत राहायचं, ते आता नांगराला मोठी ढेकळं देतं. पाणी दिल्यावर चार दिवसांत भेगा पडतात. युरियाचं एक पोतं वाढवल्याशिवाय रंग येत नाही. हे सगळं त्याला दिसतं, पण त्याचा पाला जाळण्याशी संबंध वहीत कुठेच लागत नाही. एकरी तीन ते चार टन पाला निघतो. त्यात नत्र साधारण अर्धा टक्का धरलं तर पंधरा ते वीस किलो नत्र, म्हणजे 45 किलोच्या युरियाच्या एका पोत्याच्या आसपास. आगीत त्यातलं बहुतेक नत्र आणि सेंद्रिय कर्ब हवेत जातो, पालाश राखेत उरतं आणि तेही वाऱ्यानं नाहीतर पहिल्या पाण्यानं हलतं. हा तोटा ‘पाला जाळला’ या नावानं कधीच लिहिला जात नाही. तो दुकानदाराच्या उधारीत ‘खत’ म्हणून, मजुरीत ‘भांगलण’ म्हणून, नाहीतर वीजबिलात विरघळून जातो. त्यात कारखान्याच्या वजनाच्या पावत्या सगळ्या तुकड्यांच्या एकत्र पडतात, लावण (नवा लावलेला ऊस) किती आणि खोडवा किती हे वेगळं राहत नाही. पुरावा एका जागी जमतच नसेल तर शंका ही शंकाच राहते, तिचा निर्णय होत नाही.

दुसरं कारण दोषाचं आहे, आणि मला ते सगळ्यांत वजनदार वाटतं. पाला जाळला आणि खोडवा पडला, तर पाऊस, महापूर, हुमणी (मुळं खाणारी अळी), बेणं, कारखान्याची उशिराची तोड, दोष द्यायला जागा भरपूर. गावात कोणी विचारत नाही. पण पाला ठेवला आणि खोडवा विरळ आला, तर सगळी जबाबदारी त्या एका माणसाची. घरी वडील बोलतात, भाऊबंद बोलतात, पाणी पाजायला येणारा गडीसुद्धा बोलतो. चारचौघांसारखं चुकलं तर शिक्षा नाही, वेगळं करून चुकलं तर वर्षभर ऐकून घ्यायचं. एकत्र कुटुंबात पैशांचा हिशेब थोरल्याकडे आणि रानातलं काम धाकट्याकडे असेल, तर धाकट्याला पटून काही उपयोग नाही, कारण बोलणी तोच खाणार असतो. अशा ठिकाणी जुनी समजूत त्या माणसाला आडोसा देते. तिच्यावर त्याचा पूर्ण विश्वास असण्याची गरजच नसते.

त्याच्या जोडीला मागचा हिशेब येतो. वीस वर्षं आपण आणि त्याआधी वडिलांनी जे केलं ते नुकसानीचं होतं, हे कबूल करणं जड जातं. ही कबुली मागू नका. तिची गरज नाही आणि ती मागणं न्याय्यही नाही. दावणीला पाच-सात जनावरं होती, दरवर्षी शेणखत पडत होतं, खोडव्यानंतर रान मोडून फेरपालट होत होती, तेव्हा पाला जाळल्याचं नुकसान त्यात भरून निघायचं. आज जनावरं कमी झाली, मशागत ट्रॅक्टरनं होते, उसावर ऊस येतो. परिस्थिती बदलली म्हणून पद्धत बदलायची, असं सांगितलं तर ते खरंही असतं आणि वडिलांचा मानही राहतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे. शेतकरी जेव्हा म्हणतो, “पटतंय वो, पण…” तेव्हा पुढचं नीट ऐका आणि वहीत लिहून घ्या. ‘पटतंय’ हे बहुतेक वेळा खरं असतं. खरी अडचण ‘पण’च्या पुढं असते आणि तिला बहुधा व्यवहारी उत्तर लागतं. आपल्याकडे ऐकू येणारे ‘पण’ मोजकेच आहेत.

सर्वांत मोठा पाण्याचा. “पण पाणी फुडं सरत न्हाई.” हे शंभर टक्के खरं आहे. सरीत पाला असेल तर पाणी अडतं, वरच्या बाजूला तुंबतं, शेवटच्या सरीपर्यंत जायला जास्त वेळ लागतो. शेतीची वीज ठरावीक तास, तीही कित्येकदा रात्रीची. पाणी उचलून देणाऱ्या उपसा संस्थेची पाळी ठरलेली. पाळी संपली तर उरलेलं रान पुढच्या फेरापर्यंत कोरडं. अशा माणसाला जमिनीतल्या जिवाणूंचं व्याख्यान देणं म्हणजे त्याचा प्रश्न न ऐकणं. उत्तर असं आहे: पाला एक आड एक सरीत भरायचा आणि पाणी मोकळ्या सरीनं द्यायचं. ओल दोन्ही बाजूंना पोहोचते, पाणी पुढं सरतं आणि पाळीतलं पाणी कमी लागतं. सऱ्या लांब असतील आणि उतार कमी असेल तर मध्ये एक आडवा पाट काढून लांबी निम्मी करायची.

दुसरा ‘पण’ साप आणि उंदरांचा. ही भीती खोटी ठरवू नका. घोणस उसाच्या रानात असते आणि रात्री पाणी पाजायला जाणाऱ्याचा पाय पाल्यात पडतो. एक आड एक सरीत पाला भरला की चालायला मोकळी सरी राहते. शिवाय गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि चांगली बॅटरी हे ठरवूनच द्यायचं. उंदरांचं म्हणाल तर ते बिळात असतात, वरून आग गेली तरी वाचतात. हुमणीचंही तसंच आहे, अळी जमिनीच्या आत असते आणि पाल्याच्या आगीची धग वरच्या थोड्या सेंटिमीटरपलीकडे जात नाही. हुमणीचा बंदोबस्त वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमणारे भुंगेरे गोळा करण्यात आहे, आणि तो साऱ्या गावानं एकाच वेळी केला तरच उपयोग होतो.

तिसरा खताचा. “पाला हाय, मग खत कसं घालायचं?” पहारीनं. बुडख्यापासून 10 ते 15 सेंटिमीटरवर, 15 ते 20 सेंटिमीटर खोल भोक, दोन भोकांत 30 सेंटिमीटर अंतर. एकानं पहार मारायची, दुसऱ्यानं खत टाकून टाचेनं बुजवायचं. खोडव्याची हेक्टरी मात्रा 250 किलो नत्र, 115 स्फुरद, 115 पालाश, म्हणजे एकरी ढोबळमानानं 100, 46, 46. अर्धी पहिल्या पंधरा दिवसांत एका बाजूला, अर्धी साधारण 135 दिवसांनी दुसऱ्या बाजूला. खत मातीत गेल्यामुळे उडून किंवा वाहून जाणं कमी होतं, आणि हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, त्याला ते दिसतं.

शेजाऱ्याच्या आगीचा ‘पण’ही असतो: आपण पाला ठेवायचा आणि शेजारच्यानं काडी लावली की ती आग आपल्याकडं येणार. बांधाकडच्या दोन-तीन सऱ्या मोकळ्या ठेवून पाला आत ओढून घ्या, एवढंच.

हे सगळं मान्य झालं तरी सगळ्या रानाचा आग्रह धरू नका. दहा गुंठे मागा. दहा गुंठ्यांत बिघडलं तर घरात भांडण होत नाही, आणि दोषाची भीती हीच मुख्य अडचण असल्यामुळे ती आधी लहान करावी लागते. पण त्या दहा गुंठ्यांत काम पूर्ण झालं पाहिजे, कारण अर्धवट प्रयोग जुन्या समजुतीला नवीन पुरावा देतो. शक्यतो 15 फेब्रुवारीच्या आत तुटलेला फड घ्या. उशिरा तुटलेल्याचा खोडवा कसाही केला तरी पडतो आणि खापर पाल्यावर फुटतं. तोड झाल्यापासून आठवड्याच्या आत बुडख्यावरचा पाला सरीत ओढा, धारदार कोयत्यानं बुडखे जमिनीलगत छाटा, छाटलेल्या भागावर कार्बेन्डाझिम लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात फवारा. पाल्यावर दहा गुंठ्यांना 8 किलो युरिया आणि 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट फेका (हेक्टरी 80 आणि 100 किलो याच हिशेबानं). पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन (कल्चर) 1 किलो घ्या, ओलसर कुजलेल्या शेणखतात मिसळून ते वेगळं पसरा. युरियात कालवू नका. मग पाणी द्या आणि पाला ओला असताना पायानं दाबून मातीशी टेकवा. पाचट कुट्टीचं यंत्र भाड्यानं मिळत असेल तर काम निम्मं होतं, पण ते नाही म्हणून थांबायचं कारण नाही.

बिघडतं कुठे, तर बहुतेक वेळा युरिया वाचवण्यात. पाल्यात कर्ब भरपूर आणि नत्र फार थोडं. कुजवणारे जिवाणू आपल्या वाढीसाठी जमिनीतलं नत्र उचलतात, आणि वरून नत्र दिलेलं नसेल तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कोंब पिवळे पडतात. नेमकं त्याच वेळी जाळलेलं रान हिरवंगार असतं. शेतकरी घाबरतो, सुकलेल्या पाल्याला काडी लावतो, आणि पुढची दहा वर्षं सांगतो की मी करून बघितलंय. त्यानंतर त्याला कोणी हलवू शकत नाही. दुसरी चूक बुडख्यावर पाला राहणं, ज्यानं तुटाळ पडते. तिसरी चूक रान निवडताना होते. शिरोळकडची सखल, पाणी न निचरणारी भारी जमीन असेल तर सरीत दाट पाला भरल्यानं ओल हटत नाही आणि कोंब कुजतात. तिथं पाला बाहेर काढून कंपोस्ट करणं बरं. काणी किंवा गवताळ वाढ हे रोग असलेल्या फडात तर खोडवाच ठेवायचा नाही. तिथं प्रयोग केला आणि पीक बिघडलं, की रोगाचा दोष पाल्याच्या माथी बसतो.

प्रयोगाच्या आधी एक वाक्य स्वच्छ सांगून ठेवा: “विसाव्या ते तिसाव्या दिवशी तुमचं हे रान शेजारच्यापेक्षा मागं दिसेल. तेव्हा बघायला येऊ नका, आणि आलात तर घाबरू नका.” हे आधी सांगितलेलं असलं की मागं पडलेलं रान अपयश वाटत नाही, सांगितल्याप्रमाणे घडतंय असं वाटतं. नंतर सांगितलं तर तीच गोष्ट सबब ठरते. माझ्या मते सगळ्या उपक्रमात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक काम हेच आहे, आणि तेच बहुतेक वेळा राहून जातं.

फायदा दाखवताना सेंद्रिय कर्बापासून सुरुवात करू नये. माती परीक्षणातला फरक दिसायला काही वर्षं लागतात आणि तोवर शंका पुन्हा झोपते. दोन गोष्टी लवकर दिसतात. पाला भरलेल्या सरीत तण कमी उगवतं, म्हणून भांगलणीच्या बायका किती लागल्या ते दोन्ही तुकड्यांचं वेगळं लिहा. दुसरी, मार्च ते मे या काळात दोन पाण्यांतलं अंतर किती दिवसांनी वाढलं. मजुरी आणि पाळी हे दोन्ही आकडे घरातल्या थोरल्यालाही कळतात. तोडीच्या वेळी प्रयोगाच्या तुकड्याचा ऊस वेगळ्या खेपेत भरायला लावा आणि वजनाची पावती वेगळी ठेवा. आधी ठरवलं नाही तर त्या दिवशी हे होत नाही.

माहितीपत्रकांविषयी थोडं कठोर बोलतो. “पाला जाळल्यानं जमीन मरते, सगळे जिवाणू संपतात” असं छापलेलं असतं. शेतकरी दोन पाण्यांनंतर त्याच रानात गांडूळ बघतो आणि त्याला कळतं की सांगणारा वाढवून सांगतोय. एकदा वाढवून सांगितलेलं पकडलं गेलं की आपलं खरं बोलणंही त्याच खात्यात जमा होतं, आणि मनातली शंका आता जुन्या समजुतीवरून उठून आपल्यावर येऊन बसते. वरच्या थरातलं नुकसान होतं, ते दरवर्षी थोडं थोडं साठतं, नत्र आणि कर्ब जातो. एवढंच सांगा. जेवढं खरं तेवढंच.

वेळही चुकते. प्रशिक्षणं जुलै-ऑगस्टमध्ये होतात, काडी डिसेंबर ते फेब्रुवारीत लागते. निर्णयाचा काळ टोळी फड सोडते तिथपासून पुढची पाण्याची पाळी येईपर्यंतचा, दोन-चार दिवसांचा. त्या दिवसांत जो माणूस बांधावर असतो, त्याचं चालतं: टोळीचा मुकादम, ट्रॅक्टरवाला, पाणी सोडणारा, उसाच्या नोंदी-चिठ्ठ्या बघणारा कारखान्याचा स्लिपबॉय. कोणाचा फड कधी तुटणार हे त्यांना आधी कळतं. त्यांच्याकडून तारीख घ्या आणि तोड संपायच्या दिवशी संवर्धनाचं पाकीट आणि खत घेऊन रानात उभे राहा. आणि दाखवायला नेताना गावातल्या आदर्श शेतकऱ्याकडे नेऊ नका. त्याचं सगळंच वेगळं असतं, हे पाहणाऱ्याला माहीत असतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत स्वतः जाळणारा, त्याच पाण्यावरचा, तेवढ्याच जमिनीचा माणूस शोधा.

एक फरक मात्र ध्यानात असू द्या. सगळ्या समजुती एकट्या शेतकऱ्याच्या हातात नसतात. शिरोळ तालुक्यातली क्षारपड, म्हणजे मीठ वर येऊन नापीक झालेली जमीन घ्या. जास्त पाणी म्हणजे जास्त टनेज हे खरं नाही, हे पांढरा थर पाहिलेल्या प्रत्येकाला कळलेलं आहे. पण पाणीपट्टी एकरावर असली तर कमी पाणी घेऊन पट्टी वाचत नाही, पाळी सोडली तर पुढची कधी येईल याचा भरवसा नाही, आणि आपण हात आखडला तरी वरच्या रानातलं पाणी झिरपत खाली येतंच. जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा करायचा तर त्या पाण्याला नाल्यापर्यंत वाट लागते आणि ती चार जणांच्या रानातून जाते. एकाची संमती अडली की काम थांबतं. अशा वेळी “खतामुळं मीठ फुटलं” किंवा “पुरानं रान गेलं” ही समजूत सोयीची पडते, कारण खरं कारण मानलं तर एकट्यानं करण्यासारखं फार थोडं उरतं. तिथं शेतकऱ्याला समजावत बसण्यात वर्षं घालवू नका. आधी नाल्याची जागा ठरवा, वरच्या आणि खालच्या खातेदारांची एकत्र बैठक घ्या, मातीचा आणि विहिरीच्या पाण्याचा क्षार तपासून आकडे सगळ्यांसमोर ठेवा. वाट मिळाल्यावर तीच माणसं स्वतःहून पाण्याविषयी बोलायला लागतात.

पाल्याचं तसं नाही. तो एकट्याच्या बांधात, एकट्याच्या निर्णयानं, त्याच हंगामात बदलता येतो. म्हणून सुरुवात तिथून करा: गावातले पाच-सहा फड, प्रत्येकी दहा गुंठे, आणि या महिन्यात मुकादमाकडून तोडीच्या तारखांची यादी.